नोडची हालचाल आणि दुव्याचे आयुष्य: कमाल वेग हा चुकीचा अक्ष का ठरतो

आपला प्रश्न मला असा समजला आहे. मनोऱ्यांशिवाय, एकमेकांमार्फतच संदेश पुढे नेणाऱ्या फिरत्या बिनतारी जाळ्याचे सिम्युलेशन आपण केले आहे. एक किलोमीटर बाजूच्या चौकोनात ५० नोड, म्हणजे रेडिओ असलेली फिरती उपकरणे, आहेत, प्रत्येकाचा पल्ला २५० मीटर आहे, राउटिंगसाठी, म्हणजे पॅकेटची वाट शोधण्यासाठी, एओडीव्ही हा प्रोटोकॉल आणि हालचालीसाठी रँडम वेपॉइंट हे प्रारूप वापरले आहे. किमान वेग सेकंदाला १ मीटर, प्रत्येक मुक्कामी ६० सेकंदांचा थांबा आणि एकूण सिम्युलेशन २०० सेकंदांचे. कमाल वेग ५, १०, १५ आणि २० असा वाढवत नेल्यावर पॅकेट पोहोचण्याचे प्रमाण थोडे घसरले, पण १० आणि १५ या दोन वेगांत फरकच दिसेना. आणि मार्गदर्शकांनी विचारले की वेग आणि जोडणीचे स्थैर्य यांचा गणिती संबंध काय आहे, तो आधी मांडा. मार्गदर्शकांचा आग्रह योग्य आहे. पॅकेट पोहोचण्याचे प्रमाण हे अनेक कारणांचे मिळून झालेले फळ असते. त्यात टकरी, रांगा, प्रोटोकॉलचे टायमर असे सगळे मिसळलेले असते, आणि त्यावरून मागे जाऊन हालचालीचा वाटा वेगळा काढता येत नाही. म्हणून प्रोटोकॉल काही काळ बाजूला ठेवून दोन नोडमधील दुव्यापासून, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात लिंक म्हणतो तिच्यापासून, सुरुवात करावी.

दुवा तुटतो तो नोड धावतो म्हणून नव्हे, तर दोन नोड एकमेकांपासून दूर जातात म्हणून. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन गाड्यांचा वेग कितीही असला, तरी त्यांच्यातला दुवा शाबूत राहतो. तेव्हा प्रारूपात यायला हवा तो सापेक्ष वेग. आता एका नोडवर बसून पाहा. त्याच्याभोवती पल्ल्याएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ आहे आणि बाकीचे नोड त्या वर्तुळात शिरत आहेत व बाहेर पडत आहेत. सेकंदाला किती नोड शिरतात? वर्तुळाचा व्यास, नोडांची घनता आणि सरासरी सापेक्ष वेग यांच्या गुणाकाराइतके. एका वेळी आत किती असतात? वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले घनता, इतके. रांगांच्या शास्त्रातील लिटलचा नियम सांगतो की आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे शिरण्याचा दर गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. भागाकार केला की घनता दोन्हीकडून उडून जाते आणि हाती येते ते असे: दुव्याचे सरासरी आयुष्य = (पाय × पल्ला) ÷ (२ × सरासरी सापेक्ष वेग).

हे सूत्र इतके साधे आहे की त्यावर विश्वास बसत नाही. पण नोड सर्वत्र सारखे पसरलेले असतील आणि पल्ला हे काटेकोर वर्तुळ असेल, तर ते बरोबर आहे. सगळे नोड एकाच वेगाने, पण कोणत्याही दिशेला जात असतील, तर सरासरी सापेक्ष वेग हा त्या वेगाच्या ४ भागिले पाय, म्हणजे सुमारे १.२७ पट भरतो. वेग सेकंदाला १० मीटर आणि पल्ला २५० मीटर धरला, तर दुव्याचे सरासरी आयुष्य सुमारे ३१ सेकंद येते. आपल्या घनतेला प्रत्येक नोडला सरासरी दहाच्या आसपास शेजारी असतात, म्हणजे दर तीन सेकंदांनी त्याचा एक दुवा तुटतो आणि एक नवा जुळतो. घनता वाढवली तर तुटण्याची संख्या वाढते, पण एका दुव्याचे आयुष्य बदलत नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी प्रबंधांच्या परीक्षणात वारंवार पाहिली आहे.

आता आपल्या १० आणि १५ च्या कोड्याकडे येऊ. रँडम वेपॉइंटमध्ये नोड एक बिंदू निवडतो, एक वेग निवडतो, तिथवर सरळ जातो, थांबतो आणि पुन्हा निवड करतो. जॉन्सन आणि मॉल्ट्झ यांनी १९९६ मध्ये वापरल्यापासून ते या क्षेत्रात रूढ झाले. यात गोम अशी की वेग समान संभाव्यतेने निवडला, तरी कमी वेग निवडलेला नोड त्या वेगात जास्त काळ अडकून राहतो. म्हणून कोणत्याही क्षणी पाहिले तर मंद नोडांची गर्दी अधिक दिसते. चालत्या नोडांचा दीर्घकालीन सरासरी वेग हा कमाल व किमान वेगांच्या बेरजेचा निम्मा नसतो. तो त्यांच्यातील फरक भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम, इतका असतो. १ ते २० या पट्ट्यात निम्म्याच्या हिशेबाने १०.५ यावेत, प्रत्यक्षात सुमारे ६.३ येतात. किमान वेग ०.१ ठेवला तर हाच आकडा ३.८ च्या खाली जातो, आणि किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी हळूहळू शून्याकडेच सरकत राहते. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिले, तोवर कितीतरी निष्कर्ष या घसरत्या जमिनीवर उभे होते. माझेही दोन महिन्यांचे काम त्यात वाहून गेले, हे कबूल करायला हरकत नाही.

आपण किमान वेग १ ठेवलात हे चांगले केलेत, पण ६० सेकंदांच्या थांब्याने वेगळाच घोळ घातला आहे. एक किलोमीटरच्या चौकोनात एका टप्प्याची सरासरी लांबी सुमारे ५२१ मीटर असते. कमाल वेग ५ असताना तो टप्पा पार करायला सरासरी २१० सेकंद लागतात, म्हणजे नोड एकूण काळाच्या सुमारे ७८ टक्के काळ चालता असतो. कमाल वेग २० केला की टप्पा ८२ सेकंदांत संपतो, थांबा मात्र ६० सेकंदांचाच राहतो, आणि चालता काळ ५८ टक्क्यांवर येतो. म्हणजे आपण जसजसा वेग वाढवत गेलात तसतसे आपले नोड अधिकाधिक काळ उभे राहू लागले! थांबा धरून सरासरी वेग काढला तर कमाल वेग ५, १०, १५ आणि २० साठी तो अनुक्रमे सुमारे १.९, २.७, ३.२ आणि ३.७ येतो. आपल्याला वाटले वेग चौपट केला, प्रत्यक्षात तो दुप्पटही झाला नाही. आणि १० वरून १५ वर जाताना दीडपट वाटणारी वाढ फक्त २० टक्क्यांची होती. सिम्युलेशनच्या काही थोड्या धावांच्या सरासरीत एवढा फरक गोंगाटात हरवून जातो. प्रोटोकॉलचा यात काही दोष नाही.

याच हिशेबाने दुव्याचे आयुष्यही अंदाजता येते. काही नोड उभे आणि काही चालते असे मिश्रण असले की सरासरी सापेक्ष वेग हा सरासरी वेगाच्या ढोबळमानाने दीडपट धरायला हरकत नाही. मग कमाल वेग ५ ला दुव्याचे सरासरी आयुष्य दोन मिनिटांहून थोडे अधिक आणि कमाल वेग २० ला एका मिनिटाहून थोडे अधिक येते. रँडम वेपॉइंटमध्ये नोड चौकोनाच्या मध्याकडे गर्दी करतात आणि कडांकडे विरळ असतात, त्यामुळे हे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण त्यांची मोठाई बरोबर असेल. आता हे आयुष्य आपल्या २०० सेकंदांच्या सिम्युलेशनशेजारी ठेवून पाहा. मंद वेगाच्या धावांमध्ये कितीतरी दुवे सिम्युलेशन सुरू होण्याआधीपासूनचे असतील, आणि कितीतरी ते संपले तेव्हाही जिवंत असतील. जुळले आणि तुटले अशाच दुव्यांची सरासरी काढली तर दीर्घायुषी दुवे मोजणीतूनच गळतात आणि मंद जाळे आहे त्यापेक्षा अस्थिर दिसते. वैद्यकीय संख्याशास्त्रात अभ्यास संपताना हयात असलेल्या रुग्णांची नोंद ज्या पद्धतीने घेतात, तीच काप्लान-मायर पद्धत इथे चपखल बसते. सिम्युलेशन निदान काही हजार सेकंदांचे करा, आणि प्रारंभीची स्थिती दीर्घकालीन वितरणातून घ्या. एनएस-३ या जाळ्यांच्या सिम्युलेटरमध्ये त्यासाठी रँडम वेपॉइंटचा स्थिर-अवस्थेचा वेगळा वर्ग (क्लास) तयार आहे.

मात्र सरासरीवर थांबू नये, कारण राउटिंगच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा असतो: जो दुवा या क्षणी हाती आहे, तो आणखी किती टिकेल? याचे उत्तर आयुष्याच्या वितरणाच्या आकारावर अवलंबून असते, आणि हालचालीचे प्रारूप बदलले की तो आकार पार पालटतो. इथे चौकोनातले काल्पनिक नोड सोडून रस्त्यावर येऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० आणि अवजड वाहनांना ८० किलोमीटरची मर्यादा आहे. वाहनांतील रेडिओचा पल्ला ३०० मीटर धरला, तर समोरून येणाऱ्या मोटारीशी सापेक्ष वेग ताशी २०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५.६ मीटर होतो आणि ६०० मीटरची भेट पावणेअकरा सेकंदांत आटोपते. त्याच दिशेने जाणाऱ्या ट्रकला मोटार मागे टाकते तेव्हा फरक ताशी २० किलोमीटर असतो आणि दुवा सुमारे १०८ सेकंद टिकतो. दोन मोटारींत फरक ताशी १० चा असेल तर २१६ सेकंद. फरक जवळजवळ शून्य असेल तर दुवा टोलनाक्यापर्यंत टिकेल. या सगळ्यांची सरासरी काढली, तर असा आकडा मिळतो की ज्याच्याइतका एकही खरा दुवा रस्त्यावर कदाचित सापडणार नाही.

शिवाय या मिश्रणात दुव्याचे वय हीच मोठी खबर असते. समोरून येणाऱ्या गाडीशी जुळलेला दुवा आठ सेकंदांचा झाला, तर तो मरणाच्या दारात आहे. पण पंधरा सेकंद उलटूनही दुवा जिवंत असेल, तर ती गाडी समोरून येणारी असणे जवळजवळ शक्यच नाही. ती आपल्याच दिशेची आहे, आणि दुव्याचे उरलेले आयुष्य एकदम कितीतरी पटींनी वाढलेले असते. जो दुवा बराच काळ टिकला तो पुढेही टिकेल, या तर्कावर सी. के. तोह यांनी साहचर्यावर आधारलेले राउटिंग मांडले. तो तर्क मिश्र गतीच्या जाळ्यात उत्तम चालतो, पण सगळे नोड सारख्याच स्वभावाचे असतील तर चालत नाही. आणि सर्व भेटी सारख्याच लांबीच्या असतील तर उलटा चालतो, कारण तिथे म्हातारा दुवाच आधी जाणार. म्हणून वय हा निकष वापरण्याआधी आयुष्याचे वितरण काढून पाहावे. आलेखाच्या उभ्या अक्षावर अमुक काळाहून अधिक जगलेल्या दुव्यांचे प्रमाण लॉगरिदमच्या मापाने घ्या: रेषा सरळ उतरत असेल तर वयाचा उपयोग शून्य, ती पुढे पुढे सपाट होत गेली तर जुन्या दुव्यांना पसंती द्यावी, आणि कड्यासारखी कोसळली तर नव्यांना.

समूहाने चालणाऱ्या नोडांचेही असेच. हाँग, गेर्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जे समूहगतीचे प्रारूप मांडले, त्यात प्रत्येक समूहाला एक संदर्भबिंदू असतो आणि सदस्य त्याच्याभोवती थोडे इकडेतिकडे होतात. मराठी वाचकाला हे समजावायला पालखीसोहळ्यातील दिंड्यांइतके नेमके उदाहरण नाही: एका दिंडीतले वारकरी दिवसचे दिवस एकमेकांच्या पल्ल्यात राहतात, दोन दिंड्यांमधले अंतर मात्र कमीजास्त होत राहते. समूहांतर्गत आणि समूहांमधले दुवे वेगवेगळे मोजल्याशिवाय अशा जाळ्याविषयी काहीही बोलू नये.

एका दुव्यावरून मार्गाकडे जाताना सर्वांत कमकुवत दुव्याचे राज्य असते. मार्ग पहिला दुवा तुटेपर्यंतच टिकतो. दुवे परस्परांपासून स्वतंत्र आणि घातांकी आयुष्याचे (म्हणजे वयावरून उरलेले आयुष्य न ठरणारे) मानले, तर ३१ सेकंदांच्या चार दुव्यांचा मार्ग सरासरी पावणेआठ सेकंद टिकतो. स्वतंत्रतेचे हे गृहीतक काटेकोर नाही, कारण लगतच्या दोन दुव्यांत मधला नोड सामाईक असतो. तरीही मार्ग लांब असला की त्याचे आयुष्य घातांकी वितरणाकडे झुकते, आणि अंदाजासाठी तेवढे पुरते. याहून गंभीर बाब अशी की कमीत कमी टप्प्यांचा मार्ग निवडणारे राउटिंग प्रत्येक वेळी लांबचा शेजारी उचलते, म्हणजे नेमका तो, जो पल्ल्याच्या काठावर उभा आहे आणि ज्याला बाहेर पडायला सर्वांत थोडे अंतर कापायचे आहे. म्हणून प्रत्यक्ष मार्गाचे आयुष्य वरच्या अंदाजाहून बहुधा कमीच भरते. एखादा टप्पा अधिक घेऊन जवळचे शेजारी वापरले तर मार्ग टिकाऊ होतो का, हे तपासणे हा आपल्या प्रबंधासाठी चांगला उपप्रश्न ठरेल.

आता या आयुष्याशेजारी प्रोटोकॉलचे घड्याळ ठेवा. आरएफसी ३५६१ या इंटरनेट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजाप्रमाणे एओडीव्हीचा, शेजाऱ्यांना आपले अस्तित्व कळवणारा हॅलो संदेश दर सेकंदाला जातो आणि दोन हॅलो चुकेपर्यंत वाट पाहिली जाते. आरएफसी ३६२६ मधील ओएलएसआर हे दुसरे राउटिंग दर दोन सेकंदांनी हॅलो पाठवते आणि शेजाऱ्याची नोंद सहा सेकंद धरून ठेवते. पावणेआठ सेकंद जगणाऱ्या मार्गाचा मृत्यू कळायलाच दोन सेकंद लागले, तर सुमारे पाचवा हिस्सा वेळ आपण मेलेल्या मार्गावर पॅकेट ओतत असतो. सहा सेकंद लागले तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जाते. वाय-फायच्या थराकडून पोच न मिळाल्याची सूचना वर पोचत असेल तर शोध पुष्कळ लवकर लागतो, म्हणून आपल्या सिम्युलेशनमध्ये ती सोय चालू होती की नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. स्थैर्य हे असे गुणोत्तर आहे: मार्गाचे आयुष्य आणि तो तुटल्याचे कळून दुसरा सापडेपर्यंतचा काळ. एकट्या आयुष्याला अर्थ नाही.

इथपर्यंत पल्ला हे कोरलेले वर्तुळ मानले. वास्तवात ते तसे नसते, आणि सिम्युलेशनवर पोसलेल्या अभ्यासाची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. इमारती, झाडे, टेकड्या यांच्या आडोशामुळे होणारा संकेताचा चढउतार ६ डेसिबलचा असेल आणि अंतरानुसार तो क्षीण होण्याचा घातांक ३ असेल, तर त्या चढउताराची किंमत अंतराच्या भाषेत १.५८ पट होते. म्हणजे २५० मीटरचा पल्ला कुठे १५८ मीटर तर कुठे सुमारे ४०० मीटर. हा आडोसा प्रत्येक पॅकेटला नव्याने फासा टाकून ठरवू नये. नोड थोडा सरकला तर आडोसा जवळपास तोच राहतो. गुडमुंडसन यांनी १९९१ मध्ये सुचवलेले, अंतरानुसार घातांकी घटणारे सहसंबंधाचे प्रारूप त्यासाठी आजही वापरतात. ते न वापरता स्वतंत्र फासे टाकले, तर दुवे कृत्रिमरीत्या लुकलुकत राहतात आणि त्याचा ठपका हालचालीवर येतो.

त्याहून बारीक पातळीवर अनेक वाटांनी येणाऱ्या लहरींचा परस्परांवर परिणाम होतो. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते आणि सहा सेंटिमीटर सरकले की संकेताचे चित्र बदलते. चालणारा माणूस एवढे अंतर सुमारे ४५ मिलिसेकंदांत कापतो. तेव्हा एक पॅकेट हरवले की दुवा तुटला अशी व्याख्या केली, तर आयुष्य मिलिसेकंदांत येईल. दोन हॅलो चुकल्यावर तुटला म्हटले तर तेच दहा-वीस-तीस सेकंदांत येईल. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. ओएलएसआरमध्ये दुव्याची प्रत ०.८ च्या वर गेली तरच तो स्वीकारायचा आणि ०.३ च्या खाली गेली तरच सोडायचा अशी जी ऐच्छिक तरतूद आहे, ती याच लुकलुकण्यावरचा उपाय आहे. आपण दुवा तुटल्याची व्याख्या एका वाक्यात लिहून, ती सर्व धावांत कायम ठेवावी.

पायी चालणाऱ्या माणसांच्या हातात रेडिओ देऊन केलेल्या एका चाचणीत आमच्या गटाने अंतराचे आलेख फार कौतुकाने काढले होते. नंतर नोंदी चाळल्या तेव्हा लक्षात आले की बरेचसे दुवे अंतरामुळे तुटलेच नव्हते. माणूस वळून पाठमोरा झाला की त्याचे स्वतःचे शरीर आड येत होते. द्रुतगती मार्गावरही खंडाळ्याच्या घाटात दुवा तोडतो तो वेग नव्हे, तर वळण आणि बोगदा. अशा ठिकाणी दुव्याचे आयुष्य वेगावर कमी आणि रस्त्याच्या आकारावर अधिक अवलंबून असते, म्हणून वाहनांच्या जाळ्यांसाठी सुमोसारख्या वाहतूक-सिम्युलेटरमधून मार्गरेषा घेणे आणि भूप्रदेशाचा आडोसा वेगळा धरणे श्रेयस्कर.

स्थान आणि वेग माहीत असतील तर दुवा किती काळ टिकेल हे आधीच काढता येते: दोन नोडांतील अंतर पल्ल्याइतके कधी होईल, याचे वर्गसमीकरण सोडवायचे. सू, ली आणि गेर्ला यांनी ही पद्धत रूढ केली. तिचे दुखणे असे की सापेक्ष वेग हा छेदात असतो. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांत फरक सेकंदाला १ मीटर आणि वेगाच्या मोजणीतली चूक अर्धा मीटर असेल, तर उत्तर दोनतृतीयांश ते दुप्पट यांच्यामध्ये कुठेही पडू शकते. म्हणजे जे दुवे सर्वांत टिकाऊ आहेत त्यांच्याच आयुष्याचे भाकीत सर्वांत बेभरवशाचे. ते सेकंदांत सांगण्याऐवजी तीनचार पायऱ्यांत सांगितले तरी राउटिंगला पुरते.

आपल्यापुरते सांगायचे तर थांबा शून्य करा किंवा टप्प्याच्या सरासरी काळाच्या प्रमाणात बदला, सिम्युलेशन लांबवा, प्रत्येक बिंदूसाठी यादृच्छिक संख्यांच्या निदान वीस वेगवेगळ्या बीजांच्या धावा घ्या आणि त्यांची विश्वासमर्यादा आलेखावर दाखवा. आडव्या अक्षावर कमाल वेगाऐवजी धावेतून मोजलेला सरासरी सापेक्ष वेग घाला, आणि उभ्या अक्षावर आधी दुव्याचे आयुष्य, मग मार्गाचे आयुष्य, व सर्वांत शेवटी पॅकेट पोहोचण्याचे प्रमाण असे तीन आलेख काढा. पहिल्या आलेखावर वरच्या सूत्राची रेषा ओढून ठेवा. मोजलेले बिंदू तिच्यापासून जिथे ढळतील, तिथे कडेचा परिणाम आहे की व्याख्येचा, हे शोधूनच दुसऱ्या आलेखाकडे वळा.